डॉक्टरांसाठीचे श्रुतलेखन सॉफ्टवेअर : मूल्यमापनातील अडचणींचा चिकित्सक विचार

बीजशब्द : श्रुतलेखन, वाणी-ओळख, शब्दचूक-प्रमाण, केसपेपर, वैद्यकीय मराठी

प्रस्तावना

डॉक्टराने बोलावे आणि दुसऱ्याने ते लिहून घ्यावे, ही पद्धत संगणकापेक्षा जुनी आहे. पाश्चात्त्य रुग्णालयांत ध्वनिमुद्रण यंत्रावर बोलून ठेवलेला मजकूर टंकलेखिका उतरवून घेत असत. १९९० नंतरच्या दशकात हेच काम अमेरिकेतून भारतात येऊ लागले. 'मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवसायात मुंबई, पुणे, बंगळुरू या शहरांतील असंख्य पदवीधरांनी कानाला हेडफोन लावून अमेरिकन डॉक्टरांचे बोलणे टंकलिखित केले. तिकडची रात्र म्हणजे इकडचा दिवस, या वेळेच्या फरकाचाही उपयोग झाला. याच काळात या कामाचा यांत्रिक पर्याय आकार घेत होता. १९९० मधील 'ड्रॅगनडिक्टेट' या सॉफ्टवेअरला प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे. १९९७ मध्ये आलेल्या 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग'ने सलग बोलणे लिहून घेण्याची सोय केली आणि वैद्यक हे त्याचे एक मोठे क्षेत्र बनले.

तेव्हापासून अशा प्रत्येक सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकावर एक आकडा ठळकपणे छापलेला आढळतो, तो अचूकतेच्या टक्केवारीचा. ९५, ९८, ९९ असा तो चढत गेला आहे. रुग्णालयाची खरेदी समितीही बहुधा हाच आकडा पाहते. परंतु हा आकडा यंत्राचा असतो. रुग्णाच्या फाइलमध्ये जाणारा कागद मात्र यंत्र, डॉक्टर आणि कित्येकदा मधला एखादा अनामिक लेखनिक, असे तिघे मिळून तयार करतात. ज्याचे मोजमाप होते ते आणि ज्याच्यामुळे रुग्णाचे बरेवाईट होते ते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. श्रुतलेखन सॉफ्टवेअरच्या मूल्यमापनातील बहुतेक अडचणींचे मूळ या फरकात आहे.

शब्दचूक-प्रमाण आणि त्याची मर्यादा

वाणी-ओळखीच्या क्षेत्रात सर्वमान्य असलेले माप म्हणजे शब्दचूक-प्रमाण होय. बोललेल्या मजकुराची एक प्रमाणप्रत तयार करायची, यंत्राने लिहिलेली प्रत तिच्याशी ताडून पाहायची, आणि बदललेले, गळलेले व घुसडलेले शब्द मोजून त्यांच्या बेरजेला प्रमाणप्रतीतील शब्दसंख्येने भागायचे, अशी ही सोपी रीत आहे. घुसडलेले शब्दही मोजले जात असल्याने हे प्रमाण शंभर टक्क्यांच्या वरही जाऊ शकते, ही गोष्ट टक्केवारी वाचणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

या मापात सर्व शब्द समान मानलेले आहेत. वैद्यकीय मजकुरात मात्र शब्द समान नसतात. दोनशे शब्दांच्या क्ष-किरण अहवालात दहा ठिकाणी विभक्तीचे वा अनेकवचनाचे दोष राहिले, तर अचूकता ९५ टक्के भरते आणि रुग्णाचे काहीही बिघडत नाही. तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या अहवालात 'नो एव्हिडन्स ऑफ फ्रॅक्चर' यातील 'नो' एवढाच गळला, तर अचूकता ९९.५ टक्के भरते आणि नसलेले हाड मोडते. रूढ मापानुसार दुसरा अहवाल सरस ठरतो. 'हायपो' आणि 'हायपर', 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी', डावा आणि उजवा, ही सारी याच जातीची उदाहरणे आहेत. रक्तदाबासाठी दिले जाणारे हायड्रॅलझिन आणि खाजेवर दिले जाणारे हायड्रॉक्सिझिन ही नावे माणसाच्या कानालाही फसवतात. लॅसिक्स आणि लोसेक यांच्या साम्यामुळे अमेरिकेत १९९० मध्ये लोसेकचे नाव बदलून प्रायलोसेक करावे लागले आणि पुढे प्रायलोसेक व प्रोझॅक यांच्यात गोंधळ होऊ लागला. नावे बदलून जो प्रश्न सुटत नाही तो यंत्र बदलून आपोआप सुटेल, असे मानण्यास आधार नाही.

यावर उपाय म्हणून चुकांना वजन द्यावे, असे सुचवले जाते. सूचना रास्त आहे. परंतु वजन ठरवणार कोण? एकच चूक भूलतज्ज्ञाला गंभीर आणि त्वचारोगतज्ज्ञाला किरकोळ वाटू शकते. शिवाय चुकीचा धोका संदर्भावर अवलंबून असतो. मात्रेचा चुकलेला आकडा औषधाच्या यादीत दुसऱ्यांदा बरोबर आलेला असेल तर वाचणारी सिस्टर थांबून विचारते. एकदाच आला असेल तर विचारणार नाही. म्हणून दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे वजन द्यावे आणि त्यांच्यात किती एकमत झाले तेही प्रसिद्ध करावे, एवढी तरी अपेक्षा ठेवणे भाग आहे. ज्या अहवालात हे एकमताचे प्रमाण दिलेले नसते, त्यातील 'गंभीर चुका नगण्य' हा निष्कर्ष परीक्षकाच्या मतापलीकडे जात नाही.

मोजमाप कोणत्या पायरीवर करायचे

या संदर्भात २०१८ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एक अभ्यास विशेष उद्बोधक आहे. दोन आरोग्यसंस्थांतील १४४ डॉक्टरांनी २०१६ मध्ये सांगितलेल्या २१७ नोंदी त्यात तपासल्या गेल्या. अभ्यासकांनी प्रत्येक नोंद तीन पायऱ्यांवर पाहिली : यंत्राने लिहिलेली, व्यावसायिक लेखनिकाने दुरुस्त केलेली आणि डॉक्टरने सही केलेली. पहिल्या पायरीवर दर शंभर शब्दांमागे ७.४ चुका होत्या. दुसऱ्या पायरीवर हे प्रमाण ०.४ पर्यंत उतरले आणि सही झालेल्या नोंदीत ०.३ राहिले.

या तीन आकड्यांपैकी कोणता आकडा सॉफ्टवेअरचा म्हणायचा? ०.३ हा आकडा सांगून वस्तू विकता येईल, पण तो सॉफ्टवेअरचा नाही. ७.४ वरून ०.४ वर येण्याचे जवळजवळ सर्व श्रेय पगारी लेखनिकाचे आहे. डॉक्टराच्या वाचनाने त्यात जी भर पडली ती अल्प आहे. सही झालेल्या नोंदींपैकीही सुमारे ४२ टक्के नोंदींत किमान एक चूक शिल्लक होतीच. आता व्यवहारातील प्रवाह पाहिला तर रुग्णालये नेमका हा मधला लेखनिक वगळू पाहतात. डॉक्टराने बोलावे, पडद्यावर उमटलेले वाचावे आणि तेथेच सही करावी, या पद्धतीचे आकर्षणच लेखनिकाचा खर्च वाचण्यात आहे. म्हणजे ज्या व्यवस्थेत दुरुस्ती होत होती त्या व्यवस्थेचे आकडे दाखवून, दुरुस्ती काढून टाकलेली व्यवस्था उभी राहते. मूल्यमापनातील ही सर्वांत गंभीर गफलत म्हटली पाहिजे; कारण ती अज्ञानातून होते तशीच सोयीतूनही होते.

डॉक्टर आपलाच मजकूर वाचून चुका पकडतील, हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते. स्वतः बोललेला मजकूर वाचताना डोळा अक्षरे पाहत असला तरी मन आपण काय म्हणालो तेच वाचत असते. मुद्रितशोधनाचे काम केलेल्या कोणालाही हा अनुभव आहे. टंकलेखनातील चूक अर्थहीन शब्दाच्या रूपात दिसते, त्यामुळे ती डोळ्यात भरते. वाणी-ओळखीचे यंत्र मात्र अर्थहीन शब्द लिहीतच नाही. ते शब्दकोशातील दुसरा, शुद्ध वर्णलेखनाचा शब्द लिहिते. 'स्पेलचेक' तेथे निरुपयोगी ठरतो. कॅनडामध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, स्तनांच्या प्रतिमा-तपासणीच्या अहवालांवरील अभ्यासात यंत्राच्या साहाय्याने केलेल्या अहवालांपैकी २३ टक्के अहवालांत, तर लेखनिकाकडून उतरवून घेतलेल्या अहवालांपैकी ४ टक्के अहवालांत किमान एक मोठी चूक आढळली होती. हे सर्व अहवाल तज्ज्ञांनी पाहून सोडलेले होते, ही बाब महत्त्वाची आहे.

अर्थात मानवी लेखनिक निर्दोष असतो असे नव्हे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात २००८ मध्ये एका स्त्री रुग्णाच्या डिस्चार्जच्या कागदावर इन्सुलिनच्या ८ युनिटऐवजी ८० युनिट असे उमटले. तेवढी मात्रा दिली गेल्यानंतर तिचा मृत्यू झाला आणि २०१२ मध्ये ज्यूरीने १४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. ते लेखन भारतात उतरवले गेले होते. या घटनेचा उल्लेख यंत्राचे समर्थक आवर्जून करतात, आणि तो योग्यच आहे. तुलना करायची तर ती वास्तवातील माणसाशी केली पाहिजे. मात्र या प्रकरणातून एक वेगळी गोष्टही दिसते. चूक लेखनात झाली, पण ती लेखनिकापासून रुग्णापर्यंत पोहोचेतो कोणत्याही पायरीवर अडवली गेली नाही. मूल्यमापनाला चूक घडण्याबरोबरच ती किती पायऱ्या निसटून गेली हेही मोजता आले पाहिजे. यासाठी काही नोंदींत हेतुपुरस्सर चुका पेरून डॉक्टर त्यांपैकी किती पकडतात हे पाहण्याची चाचणी घेता येते. ती अर्थातच खऱ्या रुग्णांच्या फायलींवर घेता येत नाही, आणि नकली फायलींवर डॉक्टर नेहमीपेक्षा जास्त सावध असतात. ही अडचण सुटणारी नाही. अशा चाचणीचे निकाल वास्तवापेक्षा उजळ असतात, एवढे धरून चालावे लागते.

वेळेचा हिशेब

बोलणे टंकलेखनापेक्षा जलद असते, यात शंका नाही. पण बोलण्याचा वेग म्हणजे नोंद पूर्ण होण्याचा वेग नव्हे. ऑस्ट्रेलियात आपत्कालीन विभागातील ३५ डॉक्टरांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंदीतील कामे बोलून करताना कळफलकापेक्षा सुमारे १८ टक्के अधिक वेळ लागला आणि चुकाही जास्त झाल्या. कारण उघड आहे. आधुनिक नोंदप्रणालीत सलग मजकूर थोडा आणि चौकटी, याद्या, पर्याय यांचीच गर्दी अधिक असते. दुसरीकडे क्ष-किरणतज्ज्ञाचे काम मूलतः सलग मजकुराचे असल्याने त्याला हेच साधन उपयोगी पडू शकते. यास्तव 'डॉक्टरांसाठी' अशी सरसकट भाषा मूल्यमापनात वापरणे फसवे आहे.

आणखी एक अडचण काळाची आहे. चांगला अभ्यास आखून, परवानगी घेऊन, आकडे गोळा करून प्रसिद्ध होईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात. तोवर ते सॉफ्टवेअर तेच राहिलेले नसते. ड्रॅगनचेच पाहिले तर २००० मध्ये ते लेरनाउट अँड हॉस्पी या बेल्जियन कंपनीकडे गेले, तिच्या दिवाळखोरीनंतर २००१ मध्ये स्कॅनसॉफ्टकडे आले, २००५ मध्ये त्या कंपनीने न्युआन्स हे नाव धारण केले आणि मार्च २०२२ मध्ये न्युआन्सचे मायक्रोसॉफ्टमध्ये विलीनीकरण झाले. नाव तेच राहिले. आतील तंत्र मात्र पार बदलले. आज हे सॉफ्टवेअर रुग्णालयाच्या संगणकात न राहता दूरच्या सर्व्हरवर चालते आणि वापरणाऱ्याच्या नकळत सुधारले जाते. औषधाची चाचणी झाल्यावर गोळीतील घटक कोणी परस्पर बदलत नाही. येथे तसे घडते, आणि प्रत्येक बदल हा सुधारच असतो असे सांगितले जाते.

प्रमाणप्रतच नसेल तर

२०२३ पासून झपाट्याने पसरलेल्या नव्या साधनांनी या चर्चेचा पायाच हलवला आहे. ही साधने डॉक्टर व रुग्ण यांचे संभाषण ऐकतात आणि त्यावरून नोंद स्वतः रचतात. डॉक्टर श्रुतलेखन सांगतच नाही. त्यामुळे ताडून पाहण्यासाठी शब्दशः प्रमाणप्रत अस्तित्वात नसते. दहा मिनिटांच्या संभाषणाचा बारा ओळींतील सारांश दोन अनुभवी डॉक्टरही सारखा लिहिणार नाहीत. शब्दचूक-प्रमाण येथे लागूच होत नाही. गळलेली लक्षणे आणि कल्पित लक्षणे यांचा शोध घ्यावा लागतो.

कल्पित हा शब्द येथे अतिशयोक्तीने वापरलेला नाही. ओपनएआय या कंपनीच्या, सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या 'व्हिस्पर' या प्रणालीवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सुमारे एक टक्का ध्वनिखंडांत मुळात कोणीही न बोललेली वाक्ये आढळली. त्यांपैकी ३८ टक्के वाक्ये हिंसा, खोटे संबंध वा खोटा अधिकार सूचित करणारी, म्हणजे अपायकारक स्वरूपाची होती. वक्ता मध्येच थांबतो तेथे हे अधिक घडत होते. वाचाघात झालेला रुग्ण, धाप लागलेला रुग्ण, रडणारा रुग्ण बोलताना थांबतोच. एक टक्का हे प्रमाण सरासरीत लहान दिसते, पण ती सरासरी सर्वांवर सारखी वाटली जात नाही. जो अधिक आजारी त्याच्या वाट्याला ती अधिक येते.

उच्चारांच्या बाबतीतही हेच आहे. अमेरिकेतील पाच मोठ्या कंपन्यांच्या वाणी-ओळख प्रणालींवरील २०२० च्या अभ्यासात गौरवर्णीय वक्त्यांसाठी सरासरी शब्दचूक-प्रमाण ०.१९, तर कृष्णवर्णीय वक्त्यांसाठी ०.३५ आढळले. हा अभ्यास वैद्यकीय नव्हता. तरी एका सरासरीच्या पोटात दोन निरनिराळे आकडे कसे लपतात, हे त्यातून स्पष्ट होते.

अशा चुका नंतर शोधायच्या तर मूळ ध्वनिमुद्रण हवे. येथे मूल्यमापन आणि गोपनीयता समोरासमोर येतात. रुग्णाच्या खासगीपणासाठी ध्वनिमुद्रण लवकर नष्ट करावे, असा आग्रह योग्य आहे. भारतातही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा त्याच दिशेने पाहतो. पण ध्वनी पुसला की नोंद खरी की खोटी हे ठरवण्याचा एकमेव पुरावाही पुसला जातो. काही साधने ध्वनी आपोआप पुसतात आणि हा आपला गुण म्हणून सांगतात. त्या गुणामुळे त्यांची कोणतीही चूक पुढे सिद्ध करता येत नाही, हे मात्र सांगितले जात नाही.

महाराष्ट्रातील ओपीडी आणि मराठीचा प्रश्न

भारतीय उच्चारांसाठी घडवलेली वैद्यकीय श्रुतलेखन साधने आता उपलब्ध आहेत; मुंबईतील ऑग्निटो हे त्यांपैकी परिचित नाव आहे. डॉक्टराने इंग्रजीत सांगावे आणि इंग्रजीत उमटावे, एवढ्यापुरता हा प्रश्न बराच हाताळण्याजोगा झाला आहे. तरीही पंख्याचा आवाज, शेजारच्या टेबलावरील दुसऱ्या डॉक्टरांचे बोलणे, तोंडावरील मास्क आणि मागे ताटकळणारी रांग, ही ओपीडीची खरी परिस्थिती असून शांत खोलीत घेतलेल्या प्रात्यक्षिकाचे निकाल तेथे लागू पडत नाहीत.

संभाषण ऐकून नोंद करणाऱ्या साधनांच्या बाबतीत मात्र भाषेचा प्रश्न मूलभूत होतो. केसपेपर इंग्रजीत असतो आणि रुग्ण मराठीत, वऱ्हाडीत वा अहिराणीत बोलत असतो. 'दम लागतो' हे लक्षण आहे आणि 'दमा आहे' हे निदान. दोहोंत एका कान्याचे अंतर आहे. 'अंगावरून जाते' असे स्त्री सांगते तेव्हा ती पाळीतील रक्तस्रावाबद्दल बोलते की पांढरे जाण्याबद्दल, हे डॉक्टर पुढचा प्रश्न विचारून ठरवतो. आणि 'अंगावरून वारे गेले' म्हणजे तर पक्षाघात. शब्द अचूक ऐकूनही यंत्र येथे पूर्ण चुकू शकते. चक्कर, घेरी, भोवळ हे शब्द बोलणारा अदलाबदल करून वापरतो, पण डॉक्टराला त्यांतून तोल जाणे आणि शुद्ध हरपणे यांत भेद करायचा असतो. 'जीव घाबरा होतो' ही तक्रार हृदयविकाराची असू शकते आणि मनोविकाराचीही. यांपैकी कोणतीही गोष्ट शब्दचूक-प्रमाणात दिसत नाही.

उलट, ज्या चुका नाहीत त्या मात्र त्यात दिसतात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. 'रुग्णालयातल्यासारखे' यातील एक अक्षर बदलले तरी पूर्ण शब्द चुकला असे धरले जाते. ऱ्हस्व-दीर्घाचा वा अनुस्वाराचा फरकही चूक ठरतो. यंत्राने 'बीपी' देवनागरीत लिहिले आणि प्रमाणप्रतीत ते रोमन लिपीत असेल, तर तीही चूकच. त्यामुळे मराठीसाठीचे प्रमाण इंग्रजीच्या प्रमाणाशेजारी ठेवून यंत्र मराठीत कच्चे आहे असा निष्कर्ष काढणे जितके चुकीचे, तितकेच वर्णलेखन सैल करून आकडा खाली आणला आणि काम झाले असे मानणेही चुकीचे आहे. मराठी अंकांचा प्रश्न स्वतंत्रच आहे. बावन्न, बासष्ट, बहात्तर किंवा एकोणसाठ, एकोणसत्तर यांची गल्लत, तसेच 'दीड गोळी' आणि 'अडीच गोळ्या' यांचे अंकांत होणारे रूपांतर, एवढ्या दोन गोष्टींची वेगळी चाचणी घेतली तरी कोणत्याही खरेदी समितीला माहितीपत्रकापेक्षा अधिक समजेल.

भारतीय भाषांच्या वाणी-ओळखीसाठी चाचणीसंच नाहीत असे नव्हे. आयआयटी मद्रास येथील एआयफॉरभारत या गटाने २०२३ मध्ये 'विस्तार' हा बारा भाषांचा चाचणीसमूह उपलब्ध करून दिला, आणि शासनाचा 'भाषिणी' उपक्रम २०२२ पासून सुरू आहे. ही कामे मोलाची आहेत. परंतु त्यांचा हेतू सर्वसाधारण भाषेचा आहे. लिहून दिलेले वाक्य स्पष्टपणे वाचणारा वक्ता आणि पोट धरून बसलेला रुग्ण यांच्या बोलण्यात साम्य थोडेच असते. वैद्यकीय मराठीचा चाचणीसंच तयार करायचा तर रुग्णांची संमती, ओळख पुसण्याची व्यवस्था आणि प्रमाणप्रत लिहिणारी माणसे लागतील. ती माणसे निव्वळ संगणकतज्ज्ञ असून भागणार नाही. घेरी आणि भोवळ यांतील फरक कोणत्या तालुक्यात कसा केला जातो, हे सांगू शकणारा मराठीचा अभ्यासक आणि त्या फरकावर औषध ठरवणारा डॉक्टर, या दोघांना एकाच ध्वनिमुद्रणासमोर बसावे लागेल. बोलीतील आजारवाचक शब्दांचे संकलन हा मराठी विभागांतील लघुप्रबंधांचा नेहमीचा विषय आहे. असे लघुप्रबंध अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत बांधून ठेवलेले आहेत आणि त्यांतील शब्दांपासून या संचाची पहिली यादी करता येईल.